दोन, एकोणतीस, पंचेचाळीस : पॉपी फॅमिलीची गोष्ट आणि आपला वर्ग



आज एका परदेशी गाणाऱ्या गटाबद्दल लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, बाई, अभ्यासक्रम काय, आणि तुमचं हे काय! पण थोडा धीर धरा. यात आलेख आहे, भूगोल आहे, भाषांतर आहे आणि मुख्य म्हणजे 'यश म्हणजे काय' हा प्रश्न आहे. तो आपल्या मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त छळतो.

सुरुवात झाली ती सातवीतल्या एका मुलामुळे. ऑफ तासाला तो बाकांच्या मधल्या जागेत हात फिरवत, पाय घासत काहीतरी नाच करत होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हा डॉक्टर रोबॉटनिकचा डान्स आहे, सॉनिकच्या पिक्चरमधला." २०२० साली आलेल्या 'सॉनिक द हेजहॉग' या चित्रपटात जिम कॅरी हा नट खलनायक झाला आहे आणि आपल्या प्रयोगशाळेत एका जुन्या गाण्यावर तो एकटाच मनसोक्त नाचतो. गाण्याचं नाव 'व्हेअर इव्हिल ग्रोज'. मुलांना वाटत होतं, गाणं चित्रपटासाठीच तयार केलेलं आहे. घरी येऊन शोधलं तर ते १९७१ सालचं निघालं, म्हणजे माझ्याही जन्माआधीचं. गाणारा गट कॅनडाचा, व्हँकुव्हर शहरातला. नाव 'द पॉपी फॅमिली'.

(दुसऱ्या दिवशी वर्गात नाव सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "पपी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू ना?" नाही. पॉपी म्हणजे खसखशीचं फूल. त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं नाव 'पॉपी सीड्स' होतं, म्हणजे सरळ 'खसखस'. एवढं सांगितल्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता.)

आता हा गट होता तरी कोण? चार माणसं. टेरी जॅक्स आणि सुझन जॅक्स हे नवरा-बायको. (जॅक्सन नव्हे, जॅक्स. मुलं हमखास मायकेल जॅक्सनकडे वळतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.) तिसरा क्रेग मॅकॉ, तो गिटार आणि सतारही वाजवायचा. आणि चौथे सतवंत सिंग. त्यांच्या हातात तबला.

हो, तबला! १९६९ साली कॅनडातल्या पॉप गटात तबला. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा तबल्याच्या क्लासला जाणारी एक मुलगी एकदम ताठ बसली. आपल्या घरातली वस्तू लांबच्या कुणाच्या घरी दिसावी, तसं तिला झालं असणार.

हे कसं झालं ते समजायला थोडा इतिहास हवा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य तरुणांना भारतीय वाद्यांचं वेड लागलं होतं. बीटल्सनी आपल्या गाण्यांत सतार आणली. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात पंडित रविशंकर वाजवायला बसले, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. अल्लारखाँ म्हणजे आपल्या मुंबईचे रहिवासी, झाकीर हुसेन यांचे वडील. दुसरीकडे व्हँकुव्हर हे शहर आणि पंजाब यांचं नातं याहून कितीतरी जुनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातली माणसं तिथल्या लाकूड कापण्याच्या गिरण्यांत कामाला गेली. १९०८ साली तिथे गुरुद्वारा उभा राहिला. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' हे जहाज त्याच बंदरातून परत पाठवण्यात आलं, तो प्रसंग आपण इतिहासात वाचलेला असतो. त्या प्रांतात भारतीय वंशाच्या लोकांना मतदानाचा हक्क मिळाला तो थेट १९४७ साली. ज्या शहरानं एके काळी भारतीयांचं जहाज माघारी पाठवलं, त्याच शहरातल्या गटात वीस-बावीस वर्षांनी, म्हणजे मतदानाचा हक्क मिळाल्यापासून मोजलं तर, तबला वाजत होता. नकाशा भिंतीवर लावा आणि मुलांना व्हँकुव्हर शोधू द्या. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अमेरिकेच्या सीमेला अगदी खेटून आहे.

ती सीमा फार महत्त्वाची आहे. आकडे सांगते. १९७१ च्या सुमारास कॅनडाची लोकसंख्या सव्वादोन कोटीच्या आत होती. आपल्या महाराष्ट्राची तेव्हा पाच कोटी. म्हणजे एवढा प्रचंड देश, पण माणसं आपल्या राज्याच्या निम्म्याहून कमी. आणि शेजारी अमेरिका, वीस कोटींची, त्याच भाषेत गाणारी. मग कॅनडाच्या रेडिओवर काय वाजणार? अमेरिकेची आणि इंग्लंडची गाणी. कॅनडाच्या गायकांना आपल्याच देशात ऐकलं जाण्यासाठी आधी अमेरिकेत गाजावं लागे. शेवटी सरकारी नियामक संस्थेनं नियम केला की जानेवारी १९७१ पासून रेडिओ केंद्रांनी वाजवलेल्या गाण्यांपैकी किमान ३० टक्के कॅनडाची असलीच पाहिजेत. गाणं 'कॅनडाचं' कसं ठरवायचं? संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द अशा चार गोष्टी बघायच्या. मोठ्या वर्गांत यावर वादविवाद घ्या, फार छान होतो. माझ्या वर्गात अर्धी मुलं म्हणाली, "चांगलं गाणं असेल तर लोक ऐकतीलच, सक्ती कशाला?" उरलेली म्हणाली, "पण ऐकायलाच मिळालं नाही तर चांगलं आहे हे कळणार कसं?" मी कुणाचीच बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर मनातून मी दुसऱ्या गटाची आहे.

पॉपी फॅमिलीचं मोठं गाणं मात्र हा नियम येण्याआधीचं. 'विच वे यू गोइन बिली?' म्हणजे साधारण 'बिली, कुठल्या वाटेनं निघालास?' टेरीनं लिहिलं, त्यानंच निर्मिती केली आणि गायलं सुझननं. सोडून निघालेल्या माणसाला एक बाई विचारते आहे, मीही येऊ का तुझ्याबरोबर? बस्स, एवढाच विषय. अमेरिकेची व्हिएतनामची लढाई तेव्हा चालू होती, घराघरांतून तरुण निघून जात होते आणि लढायचं नाही म्हणून हजारो अमेरिकन तरुण सीमा ओलांडून कॅनडात येत होते. त्या काळात 'कुठे निघालास' हा प्रश्न किती घरांत विचारला गेला असेल, विचार करा. सुझनचा आवाज यात ओरडत नाही, रडतही नाही. साधेपणानं विचारत राहतो. मला स्वतःला गाण्यातलं हेच सगळ्यात आवडलं.

१९६९ मध्ये ते कॅनडात गाजलं, पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं आणि ब्रिटनमध्ये सातव्या. त्याच वर्षी कॅनडाच्याच 'द गेस हू' या गटाचं 'अमेरिकन वुमन' अमेरिकेत पहिलं आलं होतं आणि अॅन मरेचं 'स्नोबर्ड' आठवं. म्हणजे नियम लागू होण्याआधीच पाणी वाढू लागलं होतं. मुलांना हे मुद्दाम सांगा, कारण कारण-परिणाम लिहिताना ती पटकन 'कायदा झाला म्हणून यश आलं' असं लिहून मोकळी होतात.

आता आलेखाकडे येऊ.

अमेरिकेच्या यादीत या गटाच्या तीन गाण्यांचे सर्वोच्च क्रमांक मी फळ्यावर लिहिले. 'बिली' २. त्यानंतरचं 'दॅट्स व्हेअर आय वेंट राँग' २९. आणि १९७१ चं 'व्हेअर इव्हिल ग्रोज' ४५. म्हटलं, काढा रेषालेख. सगळ्यांनी आडव्या अक्षावर गाणी घेतली, उभ्या अक्षावर क्रमांक, आणि रेषा कशी आली? झपझप वर चढत गेलेली! एक मुलगा अभिमानानं म्हणाला, "मॅडम, यांची प्रगती झाली."

मी काही बोलले नाही. दोन मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, पहिला नंबर चांगला असतो ना, मग पंचेचाळीस वर कसं?" मग जी गडबड उडाली! कुणी म्हणालं अक्ष उलटा करा, कुणी म्हणालं १ वरच्या टोकाला लिहा. गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको, पण 'मोठी संख्या म्हणजे वर' हे मुलांच्या हातात इतकं मुरलेलं असतं की क्रमांक आणि परिमाण यातला फरक एकदा अडखळल्याशिवाय कळत नाही. दोन आणि एकोणतीस यांच्यात २७ चा फरक आहे, पण म्हणून खप सत्तावीस पट कमी झाला का? क्रमांकावरून ते कळतच नाही. परीक्षेतल्या नंबरांचंही तेच आहे, हे मी बोलले नाही. पण पालकसभेत बोलेन म्हणते.

उलटवलेल्या आलेखात रेषा खाली घसरली. आणि आता मुलांच्या तोंडून जो शब्द आला तो ऐकून मला हा लेख लिहावासा वाटला. "फ्लॉप," तीन-चार जण एकदम म्हणाले. "एकदाच हिट झाले, मग फ्लॉप."

मी विचारलं, "तुम्ही नाचता ते गाणं कितव्या नंबरचं?"

पंचेचाळीस. वर्ग गप्प.

म्हणजे बघा, जे गाणं तेव्हाच्या अमेरिकन यादीत पहिल्या चाळीसातही नव्हतं, तेच जवळजवळ पन्नास वर्षांनी आमच्या शाळेच्या वर्गात नाचत आलं. आणि दुसऱ्या क्रमांकाचं 'बिली' त्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं. यादी खोटी नव्हती. ती फक्त त्या आठवड्यापुरती होती.

मग या गटाचं पुढे काय झालं? १९७० संपता संपता मॅकॉ आणि सतवंत सिंग गटातून बाहेर झाले. टेरीला गावोगाव दौरे करण्यापेक्षा स्टुडिओत बसून काम करायला आवडायचं आणि स्टुडिओत वादक बाहेरून बोलावता येतात. 'व्हेअर इव्हिल ग्रोज' आलं तेव्हा पॉपी फॅमिली म्हणजे दोघंच उरली होती. काही काळानं तेही थांबलं, आणि १९७३ मध्ये टेरी आणि सुझन यांचा घटस्फोट झाला. ही गोष्ट लहान वर्गात सांगावी की नाही, ते तुम्ही तुमचं ठरवा. मी सातवीत एका वाक्यात सांगितली आणि पुढे गेले. आमच्या वर्गात अशा घरांतली मुलं आहेत, त्यांना ती नवीन नव्हती.

टेरीचं नाव तुम्हाला दुसऱ्या गाण्यामुळे माहीत असेल. 'सीझन्स इन द सन'. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते १९९९ साली वेस्टलाइफ या गटाच्या आवाजात ऐकलंय, कॉलेजच्या गॅदरिंगला तर ते हमखास असायचं. त्याआधी १९७४ मध्ये टेरी जॅक्सच्या आवाजात ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. मूळ गाणं मात्र त्याचंही नाही. बेल्जियमचे गायक-कवी जाक ब्रेल यांनी १९६१ मध्ये ते फ्रेंचमध्ये केलं, नाव 'ल मोरिबाँ', म्हणजे मरणाला टेकलेला माणूस. ब्रेलचा तो माणूस जाता जाता चांगलाच टोमणे मारतो, बायकोला आणि तिच्या प्रियकरालाही. अमेरिकेच्या रॉड मॅकुएन यांनी त्याला इंग्रजी शब्द दिले आणि टेरीनं त्यातला कडवटपणा आणखी काढून शेवट बदलला. आधी तो हे गाणं 'बीच बॉइज' या प्रसिद्ध गटाकडून करून घेत होता, पण त्यांनी ते अर्धवट सोडलं. मग त्यानं स्वतःच गायलं. भाषेच्या शिक्षकांनो, भाषांतर आणि रूपांतर यातला फरक शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. तेच गाणं, एका भाषेत बोचरं आणि दुसऱ्या भाषेत डोळ्यांत पाणी आणणारं.

आणि एवढं यश मिळाल्यावर टेरीनं काय केलं? हळूहळू गाण्याच्या धंद्यातून बाजूला झाला. व्हँकुव्हरच्या उत्तरेला हाउ साउंड नावाची समुद्राची खाडी आहे. तिथे कागदाचा लगदा बनवणाऱ्या गिरण्या पाण्यात विषारी सांडपाणी सोडत होत्या. त्याविरुद्ध तो वर्षानुवर्षं लढत राहिला. परिसर अभ्यासाच्या शिक्षकांनी हा धागा जरूर घ्यावा.

पण माझा जीव अडकला तो सुझनमध्ये. आणि इथे मी मुलांना एक काम दिलं, ते तुम्हीही द्या. वहीत तीन रकाने करायचे: गाणं, कुणी लिहिलं, कुणी गायलं. मग आवडीची कुठलीही पाच गाणी घ्यायची आणि रकाने भरायचे. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचा मधला रकाना रिकामा होता. आपल्याला गाणारा माहीत असतो, लिहिणारा नसतो. पैशाच्या जगात मात्र बऱ्याचदा उलटं असतं. अमेरिकेत आजही साध्या रेडिओ केंद्रावर गाणं वाजलं की मोबदला मिळतो तो गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. ज्याच्या आवाजात ते वाजतं त्याला नाही. म्हणजे 'बिली' तिथल्या रेडिओवर कितीही वेळा लागलं, तरी तो प्रश्न विचारणाऱ्या आवाजाला त्याचे पैसे नाहीत. "हे बरोबर नाही," वर्गातली ती तबल्यावाली मुलगी म्हणाली. एका मुलानं विचारलं, "मग तबला वाजवणाऱ्याला?" त्यालाही नाही, म्हटलं.

सुझन पुढेही गात राहिली. स्वतःच्या नावानं अल्बम काढले, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत नॅशव्हिलला गेली. 'बिली'सारखं यश पुन्हा मिळालं नाही. नंतर किडनीचा आजार जडला. २०१० मध्ये भावानं दिलेल्या किडनीचं प्रत्यारोपण झालं. आणि त्यानंतरची एक गोष्ट मी वर्गात अगदी शेवटी सांगितली. २०१४ च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हरच्या एका महोत्सवात सुझन पुन्हा पॉपी फॅमिलीची गाणी गायला उभी राहिली. सोबत होते क्रेग मॅकॉ आणि सतवंत सिंग, जे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी गटातून बाहेर पडले होते. टेरी नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये सुझन गेली, त्र्याहत्तराव्या वर्षी.

हा पाठ घ्यायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, आधी गाणं ऐकवा आणि माहिती मागाहून द्या. नाव, देश, साल काहीही न सांगता विचारा की कुठली वाद्यं ऐकू येतात. 'बिली'मध्ये आवाज आणि तंतुवाद्यं पुढे आहेत. तबला आणि सतार शोधायची तर त्याच पहिल्या अल्बममधली बाकीची गाणी लावा आणि ज्याला ऐकू येईल त्यानं फक्त हात वर करायचा, ओरडायचं नाही. (ओरडतातच.) दुसरी गोष्ट पालकांसाठी. घरी मूल गाण्याच्या किंवा नाचाच्या स्पर्धेत उतरत असेल तर हा आलेख त्याच्याबरोबर बसून काढा. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा दोन वर्षांपूर्वी तालुक्याला पहिला नंबर आला होता. यंदा तिला काहीच मिळालं नाही, म्हणून आईनं क्लास बंद करायचं ठरवलं होतं. "एकदाच झालं ते, मॅडम. पुढे काय?" असं त्या मला म्हणाल्या. मी त्यांना काही समजावलं नाही. मुलीची वही दाखवली. तिनं आलेखाखाली, मी न सांगता, चौथा बिंदू काढला होता. २०१४, आणि क्रमांकाच्या जागी लिहिलं होतं : 'नंबर नाही, पण तबला परत आला.'

क्लास सध्या तरी चालू आहे.